छायाचित्रांचें भाडोत्री कोठार

पूर्वीं घरांत छायाचित्र काढावयाचें म्हणजे तो एक प्रसंगच असे. कॅमेऱ्यांतील फिल्मच्या एका गुंडाळीवर ३६ चित्रें निघत. गुंडाळीस पैसे पडत, ती धुण्यास पडत, आणि चित्रें कागदावर उतरविण्यास निराळे पडत. त्यामुळें मुंज असो, बारसें असो कीं महाबळेश्वरची सहल असो, कशाचें चित्र घ्यावयाचें आणि कशाचें सोडावयाचें ही निवड बटण दाबण्यापूर्वींच होऊन जाई. हल्लीं फोननें चित्र घेण्यास कांहींच खर्च येत नाहीं असें वाटतें. वाढदिवसाच्या एका केकचीं वीस चित्रें निघतात, आणि त्या विसांतून एक निवडण्याचें काम पुढें ढकललें जातें. ढकललेलें काम सांठत राहतें. आणि एके दिवशीं फोनवर सूचना झळकते कीं, आपली जागा संपत आली आहे.

त्या सूचनेनें घराघरांतून दोन प्रकारची धांवपळ उडते. कोणी फोन हातांत घेऊन दिसेल तें भराभर पुसूं लागतो, तर कोणी विचार न करतां पैसे भरून अधिक जागा घेतो. जागा घेण्यांत वावगें कांहीं नाहीं, आणि पुसण्यांतहि नाहीं. परंतु ही जागा कोठें असते, ती कशानें भरते, आणि एक बटण दाबल्यानें नेमकें काय नाहींसें होतें हें न समजतां केलेल्या पुसापुशींत कधीं कधीं भलतेंच जातें. विनाकारण भरलेले पैसे पुढच्या महिन्यांत विसरतां येतात. वडिलांच्या आवाजाचा एकुलता एक व्हिडिओ गेला, तर तो पुन्हां घेतां येत नाहीं. म्हणून या प्रश्नाचा विचार करावयाचा तो या क्रमानें: आधीं समजूत, मग दुसरी प्रत, मग निवड, आणि सर्वांत शेवटीं पैसा.

प्रथम समजूत. क्लाउड या शब्दाचा अर्थ ढग. त्या नांवामुळें आपलीं चित्रें आकाशांत कोठेंतरी तरंगत असावींत अशी एक पुसट कल्पना मनांत घर करते. प्रत्यक्षांत हा ढग जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारतींतून संगणकयंत्रें ओळीनें मांडलेलीं असतात. त्यांस अहोरात्र वीज लागते, आणि तीं तापूं नयेत म्हणून सतत थंडावा पुरवावा लागतो. अशा इमारती ठाणें-बेलापूर पट्ट्यांत, ऐरोली आणि महापे या बाजूस, पुष्कळ उभ्या आहेत. समुद्राच्या तळावरून आलेल्या दूरसंचाराच्या तारा मुंबईंत वर्सोव्याच्या किनाऱ्यास जमिनीवर येतात, हें त्या इमारती मुंबईच्या आसपास येण्याचें एक कारण होय. अमुक घरांतील चित्र नेमकें जगांतल्या कोणत्या इमारतींत ठेवलें आहे, हें गिऱ्हाइकास कळत नाहीं आणि कळण्याची गरजहि नसते. त्यानें ध्यानांत ठेवावयाचें तें इतकेंच कीं, हें कोठार दुसऱ्याचें आहे, त्यांतील कांहीं जागा मर्यादेपर्यंत फुकट आहे, आणि त्यापुढें भाडें आहे.

ती मर्यादा किती? गूगलच्या खात्यास १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. २०१३ पासून ही जागा ई-मेल, कागदपत्रें आणि छायाचित्रें या सर्वांस मिळून एकच आहे. ॲपलच्या आयक्लाउडमध्यें २०११ पासून ५ जीबी जागा फुकट मिळत आली आहे. आतां जीबी म्हणजे केवढें, हें सहसा कोणी समजावून सांगत नाहीं. माहिती मोजण्याचें लहान माप म्हणजे बाइट. रोमन लिपींतील एक अक्षर सांठविण्यास साधारणतः एक बाइट लागतो. देवनागरींतील प्रत्येक वर्णचिन्हास प्रचलित पद्धतींत तीन लागतात. दहा लक्ष बाइट म्हणजे एक एमबी, आणि असे हजार एमबी म्हणजे एक जीबी. या मापानें पाहतां केवळ मजकुराचें एक जाडजूड पुस्तकहि दोन-चार एमबींत सहज बसतें. म्हणजे कोठार भरतें तें अक्षरांनीं नव्हे, चित्रांनीं.

फोनचें साधें छायाचित्र सुमारें १२ मेगापिक्सेलचें, म्हणजे एक कोटी वीस लक्ष ठिपक्यांचें असतें. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास तीन बाइट धरले, तर एका चित्रास ३६ एमबी जागा लागावयास हवी. परंतु डोळ्यांस न जाणवणारे बारकावे गाळून चित्र आवळून ठेवण्याची जेपेग नांवाची रीत १९९२ मध्यें प्रमाण ठरली. तिच्या योगानें तेंच चित्र सुमारें ३ ते ४ एमबींत मावतें. २०१७ मध्यें ॲपलनें आपल्या फोनांत आणलेल्या नव्या रीतीनें तें आणखी निम्म्यावर येतें. ३ एमबी हा हिशेब धरला, तर १५ जीबींत पांच हजार छायाचित्रें राहतील.

व्हिडिओची गोष्ट मात्र वेगळी. त्यांत एका सेकंदास तीस, कधीं साठ चित्रें धांवत असतात. आयफोनमध्यें व्हिडिओचा दर्जा निवडावयाच्या ठिकाणींच ॲपलनें अंदाज दिलेला आहे: १०८०पी या दर्जाचा, सेकंदास ३० चित्रांचा एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारें ६० एमबी, ४के दर्जाचा, तितक्याच चित्रांचा सुमारें १७० एमबी, आणि ४के दर्जाचा, सेकंदास ६० चित्रांचा सुमारें ४०० एमबी. शाळेच्या संमेलनांतील मुलीचें नृत्य आठ मिनिटें चाललें, असें धरूं. पहिल्या दर्जानें तें टिपलें तर ४८० एमबी होतील, शेवटच्या दर्जानें ३,२०० एमबी. म्हणजे त्या एका नृत्यानें हजारांहून अधिक छायाचित्रांची जागा अडविली. घरांतील टीव्हीवर पाहतांना या दोन दर्जांत जो फरक दिसतो, तो सहापटीहून अधिक जागेच्या मानानें फारच अल्प असतो.

कोठारांतील हिशेबास एक छोटा इतिहासहि आहे, आणि तो माहीत नसल्यानें बरीच मेहनत फुकट जाते. गूगल फोटोज ही सोय २०१५ च्या मे महिन्यांत सुरू झाली. त्या वेळीं हाय क्वालिटी या नांवाचा किंचित् उतरता दर्जा पत्करणाऱ्यास हवीं तितकीं चित्रें फुकट ठेवतां येत. चित्र १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पी पर्यंत, ही त्या दर्जाची सीमा होती. घरोघरच्या लोकांनीं या सवलतीचा मनसोक्त उपयोग केला. पुढें २०२० च्या नोव्हेंबरांत कंपनीनें जाहीर केलें, आणि १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. गूगलच्या स्वतःच्या कांहीं जुन्या फोनांचा अपवाद सोडला, तर त्या दिवसापासून चढविलेलें प्रत्येक चित्र १५ जीबींत मोजलें जातें. मात्र त्यापूर्वीं हाय क्वालिटी दर्जानें ठेवलेलीं चित्रें आजहि मोजलीं जात नाहींत. याचा अर्थ असा कीं, जागा करण्यासाठीं जो गृहस्थ २०१८ सालच्या काशीयात्रेचीं त्या दर्जाचीं चित्रें पुसावयास बसतो, त्याच्या आठवणी जातात आणि जागा एक तसूभरहि वाढत नाहीं. निवड करावयाची ती जून २०२१ नंतरच्या सांठ्यांत, किंवा मूळ दर्जानें ठेवलेल्या सांठ्यांत.

जागा सामायिक असल्याचा दुसराहि परिणाम आहे. चित्रांनीं १५ जीबी भरल्या, कीं नवीं चित्रें चढणें तर थांबतेंच. पण त्याच खात्यावरील ई-मेल येणें आणि जाणें हींहि बंद पडतात. पत्र पाठविणाऱ्यास तें परत येतें, आणि ज्यास पाठविलें त्यास कांहींच कळत नाहीं. बँकेचें पत्र, रुग्णालयाचा तपासणी-अहवाल, परदेशीं असलेल्या मुलाचें तिकीट, यांपैकीं काय अडलें हें उशिरां समजतें. म्हणून भरलेलें कोठार ही केवळ छायाचित्रांच्या हौसेची बाब राहत नाहीं.

यापुढची समजूत सर्वांत महत्त्वाची. फोन भरणें आणि क्लाउड भरणें या दोन निराळ्या टंचाया आहेत, आणि त्यांची गल्लत हेंच बहुतेक नुकसानीचें मूळ असतें. फोन भरला असेल, तर गूगल फोटोजमध्यें फ्री अप स्पेस या नांवाची सोय आहे. ज्या चित्रांची प्रत क्लाउडमध्यें सुखरूप पोंचली आहे, तेवढींच ती फोनमधून काढून टाकते. फोन हलका होतो. क्लाउडची जागा होती तितकीच भरलेली राहते. उलट क्लाउड भरला असेल, तर या सोयीचा कांहीं उपयोग नाहीं; तेथें क्लाउडमधूनच कांहीं काढावें लागतें. तेव्हां सूचना आली म्हणजे पहिला प्रश्न हा विचारावा, कीं कोणती जागा भरली? सूचना फोनची आहे, कीं गूगल-ॲपलच्या खात्याची?

दुसरी गल्लत पेटी आणि आरसा यांची. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, क्लाउड ही एक पेटी आहे. एकदां तींत चित्र पडलें कीं फोनमधील प्रत खुशाल पुसावी. परंतु या सोयींचा स्वभाव बव्हंशीं आरशासारखा आहे. आयक्लाउड फोटोज चालू असतांना आयफोनमधून चित्र पुसलें, कीं तें क्लाउडमधून आणि त्याच खात्याच्या आयपॅडवरूनहि जातें. गूगल फोटोजच्या पडद्यावर चित्र कचरापेटींत टाकलें, तर तें फोनमधून आणि क्लाउडमधून, दोहोंकडून जातें. केवळ फोनवरून काढावयाचें असेल तर त्यासाठीं निराळें बटण आहे. सुदैवानें पुसलेलें चित्र तत्काळ नष्ट होत नाहीं. क्लाउडवर चढलेलें चित्र गूगलच्या कचरापेटींत ६० दिवस राहतें. ॲपलकडे तें ३० दिवस राहतें. या मुदतींत चूक लक्षांत आली तर चित्र परत आणतां येतें. मुदत टळली कीं मार्ग खुंटला. आयफोनमध्यें जागा वांचविण्याची एक सोय अशी आहे कीं, मूळ चित्र क्लाउडमध्यें राहतें आणि फोनवर त्याची लहान आवृत्ति तेवढी ठेवली जाते. ती चालू असलेल्या माणसानें फोन म्हणजे आपली दुसरी प्रत, असें समजूं नये.

येथून ओघानेंच दुसरी पायरी येते, ती दुसऱ्या प्रतीची. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनीं रूढ केलेला एक नियम आहे: मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी. गृहस्थाश्रमी माणसास हा नियम जड नाहीं. एक प्रत फोनमध्यें, एक घरच्या कपाटांतील हार्ड डिस्कवर, आणि एक क्लाउडमध्यें. क्लाउड हीच घराबाहेरची प्रत. संगणकास फोन जोडून चित्रें उतरवून घेतां येतात. गूगलच्या खात्यांतील सगळा सांठा एकदम मागावयाचा असल्यास टेकआउट नांवाची सोय आहे. ती सांठ्याचे गठ्ठे बांधून उतरवून घेण्यास देते. मात्र डिस्क कपाटांत ठेवली म्हणजे काम संपलें असें नव्हे. तींतील फिरतीं यंत्रें बिघडूं शकतात; आणि पेन-ड्राइव्ह वर्षानुवर्षें न जोडतां ठेवली, तर तिच्यावरील माहिती हळूहळू उडूं शकते. दसऱ्यास शस्त्रपूजेच्या निमित्तानें घरोघर हत्यारें-पुस्तकें बाहेर निघतात. त्याच दिवशीं डिस्कहि जोडून, तींतील दहा-वीस चित्रें उघडून पाहावींत.

दुसरी प्रत हातीं आली, कीं मगच निवडीस बसावें. निवडीचा पहिला नियम असा कीं, मोठ्या वस्तूपासून आरंभ करावा. उदाहरणादाखल एका कुटुंबाच्या १५ जीबींचा हिशेब असा मांडूं: ई-मेल २ जीबी, व्हॉट्सॲपचा बॅकअप ४ जीबी, एक हजार छायाचित्रें ३ जीबी, आणि तीस-चाळीस व्हिडिओ मिळून उरलेल्या ६ जीबी. या घरच्या माणसानें एक संध्याकाळ खर्चून शंभर छायाचित्रें पुसलीं, तरी ०.३ जीबी मोकळी होईल. त्याच वेळांत गणपतीच्या मिरवणुकीचे एकसारखे तीन लांब व्हिडिओ पाहून त्यांतील दोन काढले, तर एक-दीड जीबी सुटेल. गूगल फोटोजमध्यें जागेची व्यवस्था पाहण्याचें जें पान आहे, तें मोठे व्हिडिओ, अस्पष्ट चित्रें आणि पडद्यावरून टिपलेलीं चित्रें वेगवेगळीं काढून दाखवितें. तेथूनच प्रारंभ करावा. यंत्रानें अस्पष्ट ठरविलेलें प्रत्येक चित्र मात्र डोळे मिटून पुसूं नये. आजीचें हललेलें चित्र यंत्राच्या लेखीं अस्पष्ट असेल. घरच्या लेखीं तें तिचें शेवटचें चित्र असूं शकतें.

दुसरा मोठा हिस्सा व्हॉट्सॲपचा. नातलगांचे आणि सोसायटीचे गट, त्यांवर रोज सकाळीं येणारीं सुप्रभाताचीं फुलें, सुविचार, आणि तोच विनोद चार गटांतून चार वेळां. हीं सर्व आपोआप फोनमध्यें उतरतात, आणि फोल्डर निवडतांना लक्ष दिलें नसेल तर तेथून क्लाउडवरहि चढतात. गूगल फोटोजच्या व्यवस्थेंत कोणत्या फोल्डरचा बॅकअप घ्यावयाचा हें ठरवितां येतें. तेथें व्हॉट्सॲपचें फोल्डर बंद ठेवावें, आणि त्यांतील एखादें मोलाचें चित्र तेवढें हातानें चढवावें. व्हॉट्सॲपमध्येंहि आपोआप उतरणें बंद करतां येतें. तेथील जागेच्या पानावर ५ एमबीहून मोठ्या वस्तु आणि पुष्कळ वेळां पुढें पाठविल्या गेलेल्या वस्तु निराळ्या दिसतात, त्या प्रथम काढाव्यात. खेरीज, अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपच्या गप्पांचा बॅकअप पूर्वीं गूगलच्या मर्यादेंत धरला जात नसे. २०२३ च्या अखेरीपासून तो धरण्यास आरंभ झाला आणि २०२४ मध्यें तें सर्वांस लागू झालें. त्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळण्याची सोय आहे, आणि बहुतेक घरांस ती पुरेशी ठरावी.

याच संदर्भांत एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. व्हॉट्सॲपवरून पाठविलेलें छायाचित्र साधारणतः आवळून लहान केलेलें असतें. लग्नाचीं चित्रें चुलतभावानें गटावर टाकलीं म्हणजे आपल्याकडे तीं आलीं, असें मानून तो आपल्या फोनमधील मूळ प्रती पुसतो. आणि मग पुढें भिंतीवर लावण्यासाठीं चित्र मोठें करूं जातां तें फिकें व खरबरीत निघतें. मूळ प्रत पाठवावयाची असेल, तर ती कागदपत्र म्हणून, म्हणजे डॉक्युमेंटच्या मार्गानें पाठवावी, अथवा क्लाउडवरील अल्बममध्यें देवघेव करावी. समारंभानंतर मूळ प्रती कोणाकडे राहणार, हें घरांत एकदां ठरवून घेतलें तर पुष्कळ घोटाळे टळतात.

तिसरा हिस्सा किरकोळ वस्तूंचा. विजेच्या बिलाचें चित्र, औषधाच्या चिठ्ठीचें चित्र, दुकानांतील किंमतीच्या पाटीचें चित्र, रेल्वेच्या तिकिटाचा पडदा: यांचें आयुष्य चार दिवसांचें, परंतु सांठ्यांत तीं वर्षानुवर्षें राहतात. आकारानें तीं लहान असलीं, तरी त्यांच्या गर्दींत मोलाचीं चित्रें दिसेनाशीं होतात. ई-मेलमध्येंहि मोठीं जोडपत्रें असलेलीं जुनीं पत्रें आकारावरून शोधून काढतां येतात. काढल्यावर तेथील कचरापेटी रिकामी करावी, कारण ती रिकामी होईपर्यंत जागा सुटत नाहीं.

आलेलें निवडण्याबरोबर येणारें आवरणेंहि हवें. रोजच्या उपयोगास व्हिडिओचा दर्जा १०८०पी ठेवावा, आणि ४के हा खास प्रसंगासाठीं राखावा. गूगल फोटोजमध्यें स्टोरेज सेव्हर हा दर्जा निवडला, तर नवीं चित्रें १६ मेगापिक्सेलपर्यंत आणि व्हिडिओ १०८०पी पर्यंत मर्यादित होऊन चढतात. साधें चित्र मुळांतच १२ मेगापिक्सेलचें असल्यानें डोळ्यांस फरक सहसा कळत नाहीं, आणि जागा पुष्कळ वांचते. जुना सांठाहि या दर्जास उतरवितां येतो. परंतु एकदां उतरविलेलें चित्र तेथें पुन्हां मूळ रूपास येत नाहीं. म्हणून हें बटण हार्ड डिस्कवर मूळ प्रत ठेवल्यानंतरच दाबावें.

एवढें करूनहि जागा अपुरी पडली, तर पैसे भरून ती घेणें अगदीं योग्य होय. घरांत लहान मूल आहे, कोणी चित्रकलेचा वा नाट्याचा विद्यार्थी आहे, तर गरज खरीच असते. दर वेळोवेळीं बदलतात, म्हणून ते घेण्याच्या वेळीं पाहावेत. मात्र एक काटकसर ध्यानांत ठेवावी. गूगलची आणि ॲपलचीहि विकत घेतलेली जागा स्वतःखेरीज कुटुंबांतील आणखी पांच जणांत वांटून घेतां येते. आणि जागा सामायिक असली तरी एकाचीं चित्रें दुसऱ्यास आपोआप दिसत नाहींत. मुलानें, सुनेनें आणि सासऱ्यांनीं निरनिराळें भाडें भरण्याचें कारण नाहीं. तसेंच, भाडें सुरू केलें म्हणजे तें चालू ठेवावें लागतें. भाडें थांबलें आणि सांठा फुकट मर्यादेच्या वर राहिला, तर गूगलच्या नियमाप्रमाणें नवें चढणें थांबतें, आणि ही स्थिति दोन वर्षें टिकली तर सांठा पुसला जाऊं शकतो. ज्या घरांत निवड कधींच होत नाहीं, तेथें भाडें दर कांहीं वर्षांनीं वाढतच जातें, आणि हजारों चित्रांतून हवें तें चित्र सांपडणें दिवसेंदिवस कठीण होतें.

शेवटचा विचार थोडा अप्रिय आहे, पण टाळण्याजोगा नाहीं. कागदी अल्बम मालकामागें आपोआप मुलांच्या हातीं येई. कपाटाची किल्ली सांपडली कीं झालें. भाडोत्री कोठाराची किल्ली म्हणजे परवलीचा शब्द, आणि तो बहुधा एकाच माणसास ठाऊक असतो. दोन वर्षें मुळींच न वापरलेलीं वैयक्तिक खातीं बंद करून पुसण्याचें धोरण गूगलनें २०२३ मध्यें जाहीर केलें, आणि त्याच वर्षींच्या डिसेंबरपासून तें अमलांत येऊं लागलें. म्हणजे मालक गेल्यावर खात्यास कोणी हात लावला नाहीं, तर त्यांतील चित्रें कालांतरानें जाऊं शकतात. यावर उपाय दोन्ही कंपन्यांनीं केलेले आहेत. गूगलमध्यें २०१३ पासून इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर ही सोय आहे. ठराविक महिने खातें निपचित राहिलें, तर आपण नेमलेल्या माणसांस त्यांतील माहिती मिळावी, असें तीमध्यें सांगून ठेवतां येतें. ॲपलनें २०२१ च्या डिसेंबरांत लेगसी कॉन्टॅक्ट ही सोय आणली; नेमलेल्या वारसास त्याजकडील किल्ली-क्रमांक आणि मृत्यूचा दाखला सादर करून चित्रें मिळवितां येतात. या दोहोंपैकीं जी आपल्या खात्यास लागू असेल, ती नोंदविण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. मृत्युपत्राइतकीच ही नोंद घरांतील वडीलधाऱ्यांनीं करून ठेवावी.

या सर्व कामास मोठी विद्या लागत नाहीं, नेम लागतो. महिन्याच्या पहिल्या रविवारीं अर्धा तास काढून त्या महिन्याचीं चित्रें घरच्यांनीं एकत्र बसून पाहावींत. एकसारख्या दहांतून एक ठेवावें, मोठे व्हिडिओ तपासावे, आणि राहिलेल्यांस तारीख व माणसांचीं नांवें लावावींत. हें काम नातवंडांनीं आजोबांबरोबर केलें, तर फार उत्तम. यंत्रांतील खाचाखोचा नातवंडांस ठाऊक असतात, आणि चित्रांत मागें उभा असलेला गृहस्थ कोण हें आजोबांस. वर्षअखेरीस त्यांतील बारा चित्रें कागदावर उतरवून अल्बममध्यें लावावींत. त्या अल्बमला वीज लागत नाहीं आणि परवलीचा शब्दहि लागत नाहीं. कोठार किती मोठें घेतलें यापेक्षां पुढच्या पिढीस त्यांतून काय सांपडेल, याची काळजी ज्या घरांत घेतली जाते, त्या घरास फोनवरील ती सूचना घाबरवूं शकत नाहीं; ती आली, कीं निवडीचा रविवार जवळ आला एवढेंच तेथें समजलें जातें.